हालू नको

सोमवारी बाईंनी वहीत चिठ्ठी चिकटवली,
लाल पेनानं: डोके तपासावे.
डोक्यात काय, ते लिहिलं नव्हतं.

चैतालीला अंगणात उन्हाला बसवली,
मानेवर पांढरा पंचा टाकला
आणि फणी मुळापासून ओढली.
तीन पडल्या.
त्यातली एक चांगली पोसलेली,
पंचावरून चालू लागली सरळ
पारोळा स्टँडवर धुळ्याची गाडी लागल्यासारखी.

मग घरातलं एकेक डोकं.
लोकेशच्या कानामागे लिखा,
खसखशीएवढ्या, पण केस धरून बसलेल्या
जप्तीलाही न उठणाऱ्या भाडेकरूसारख्या.
हे म्हणाले, माझ्या डोक्यात काही नाही,
आणि रात्रभर उशीवर डोकं घासत राहिले.
मामंजींना तर पूर्ण टक्कल,
तरी त्यांनी टोपी काढली, मान पुढे केली,
आपल्यालाही कुणी बघावं म्हणून.
मी बघितलं. फणी फिरवली हवेत दोनदा.

कुठून आणल्यास?
चैताली अंगठ्यानं जमीन उकरत होती.
मोनाची माकडटोपी घातली, म्हणाली. थंडी होती.
कोणती मोना?
आपली मोना.

आपली मोना भिंतीपलीकडे राहते.
भिंत दोन वर्षांची, आमच्या बाजूनं अजून बिनगिलाव्याची.
बोअरच्या मोटरवरून झालं ते सगळं.
केसानं गळा कापला सख्ख्या भावानं,
असं आमच्याकडे जेवताना म्हणतात.
तिकडेही म्हणत असतील.
जेवतानाच, बहुतेक.
आणि पोरं मागच्या पऱ्हाट्यांच्या ढिगाआड
एका मोबाइलवर दोन डोकी लावून बसत होती,
दोन हिवाळे,
कुणाला पत्ता नव्हता.
उवांना होता.

शेजारची म्हणाली, सीताफळाच्या बिया वाट.
डोळ्यात गेलं तर डोळा जायचा, म्हणून नको म्हटलं.
मेडिकलवर गिऱ्हाईक जाईपर्यंत उभी राहिले,
मग हळूच मागितलं.
त्यानं मोठ्यांदा विचारलं, उवांचं ना?
घरातल्या सगळ्यांना लावा, नाहीतर उपयोग नाही.
सगळे म्हणजे किती जण?
मी बोटांवर मोजलं.
नऊ आले.
पैसे देताना लक्षात आलं,
पलीकडचे चार धरले होते.

घरचे आटोपले. राहिलं माझं.
स्वतःचं डोकं काही स्वतःला दिसत नाही.
यांना दिली फणी, तर नांगर धरल्यासारखी धरली,
दोन ओळी ओढल्या आणि म्हणाले, झालं.
लोकेशला किळस आली.
चैतालीनं एक ऊ काढून पुन्हा केसातच सांडली.

दुपारी, पुरुष शेतात असताना,
बाटली आणि फणी पदराखाली घेऊन
मी कोकिळाचं मागचं दार वाजवलं.
तिनं उघडलं.
केस मोकळे, खांद्यावर पंचा,
हातात फणी, तिचीही.
आम्ही एकमेकींच्या फण्यांकडे बघत राहिलो.

"बठ," ती म्हणाली.
दोन वर्षांनी ऐकलेला पहिला शब्द.
मी पाटावर बसले, तिनं माझं डोकं
दोन गुडघ्यांमध्ये धरलं घट्ट.
"तुन्हा डोकामा तं आख्खं गाव वसेल शे."
मी हसले.
"हालू नको."

नखावर नख, चट्.
पुन्हा चट्.
मोटरचं नाव तिनं काढलं नाही, मीही नाही.
एकदा फणी थांबली.
"पिकायला लागली तू," ती म्हणाली,
आणि तो केस तिनं उपटला नाही.

मग ती पाटावर, मी मागे.
तिच्या टाळूवर खोक आहे जुनी, विळ्याची.
तेव्हा हळद मीच दाबून भरली होती.
बोट आपोआप तिथे गेलं.
ती काही बोलली नाही, मान थोडी मागे टाकली.

बाटलीवर लिहिलंय,
आठ दिवसांनी पुन्हा, लिखा फुटतात तोवर.
तिला वाचून दाखवलं.
"सोमवारी मी घरी शे," ती भांड्यांकडे बघून म्हणाली.

संध्याकाळी यांनी विचारलं,
दुपारी कुठे होतीस एवढा वेळ?
मी म्हटलं, मेडिकलवर.
गर्दी होती.